नरसाळ्याचे पक्षी

"माझा नवरा जिवंत आहे की नाही, एवढंच सांगा. उद्या मला उत्तर द्यायचंय."

गावात टाचणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्तहेर बाईंनी तिला आधी खुर्चीत बसवलं. त्यांचे सोबती, निवृत्त कंपाउंडर, वही उघडून तयारच होते.

ती नर्स होती. परगावच्या हॉस्पिटलात तिला नोकरी चालून आली होती; होय-नाही उद्या कळवायचं होतं. नवरा भंगारातून पक्षी करायचा: नरसाळ्याचं पोट, चमच्याची चोच, बटणांचे डोळे. चार महिन्यांपूर्वी तो पुरात वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. आणि हल्ली दर सोमवारी सकाळी कुंपणावर एक नवा पक्षी बसलेला असे, तिच्या खिडकीकडे तोंड करून.

"ते परत आले असतील, तर मी जायचं कसं?"

ते तिच्या घरी पोचले तेव्हा कुंपणावर सहा पक्षी होते. भर दुपारीही कंपाउंडरांच्या अंगावर काटा आला. "एक डोळा लाल, एक हिरवा! बघतायत तरी कुठे?"

टाचणीबाईंनी बटणं चाचपली. "माप एकच, भोकंही चार-चार. रंग तेवढे वेगळे."

नवऱ्याच्या शेडमधल्या जुन्या पक्ष्यांचे डोळे मात्र एकाच रंगाचे होते, आणि तारांची टोकं उघडी, बोचणारी. नव्या पक्ष्यांची टोकं आत मुडपलेली होती.

दीर शेजारीच गॅरेज चालवायचा. "वहिनी गेल्या तर ही शेड मला मिळेल. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

भंगारवाला हसला. "तांबं की पितळ, मी रस्त्यापलीकडून रंगावर सांगतो. घर बंद झालं तर हा सगळा माल माझाच की!"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. एकही दाणा खाली पडत नव्हता. "डोळे जाऊन सात वर्षं झाली. मी मुलाचे डबे तेवढे लावून द्यायचे, खिळे एकीकडे, बटणं एकीकडे. मला काय विचारता?"

"बिचारी! ती सुटली संशयितांच्या यादीतून," कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाले. "उरलं भूत."

"भुताला तार बोचते का हो?" टाचणीबाईंनी विचारलं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. "नवऱ्याने डोळे एका रंगाचे लावले असते. दीर आणि भंगारवाला, दोघांनाही रंग दिसतात, आणि दोघांनाही ही बाई जायलाच हवी आहे. बटणं जुळवली ती मापाने आणि भोकांनी. ज्याचे डोळे बोटांत आहेत त्याला टोकं बोचतात, म्हणून ती मुडपली. असे हात या घरात एकाच माणसाचे आहेत. आणि सून गेली तर एकटं पडणार तेही तेच माणूस."

सासूबाईंनी मान खाली घातली. "तो गेलाय, पोरी. असता तर दारातून आधी मला हाक मारली असती. तूही गेलीस तर मी कुणाच्या पावलांची चाहूल घेऊ?"

बाहेर वाऱ्याने चमचे वाजत होते.

"तिथे दोन खोल्या मागितल्यात मी," सून म्हणाली. "तुम्हाला घेऊनच जाणार होते. विचारायचा धीर होत नव्हता." मग ती दाराकडे बघत राहिली. "पण आई, पाच रविवार रात्री मी दाराला कडी लावली नाही हो."