स्वतःचा बल्ब

वर्डेलचे वडील शिकागोच्या कत्तलखान्यातून निवृत्त झाले, ते वर्ष १९५६. त्याच वर्षी मार्चमध्ये लूशस नावाचा सुतार त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आला.

मजल्यावर सहा कुटुंबं, न्हाणीघर एक. तिथे घरमालक दिवा लावत नसे. म्हणून जो तो आपला बल्ब घेऊन जाई आणि निघताना काढून आणी. लूशसला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी रांगेत वर्डेल त्याच्या मागे उभी होती. तो आत गेला, कशाला तरी धडकला, बाहेर आला.

"आत अंधार आहे."

"नवीनच आलात वाटतं, मिसिसिपीहून?"

"कसं ओळखलंत?"

"हात रिकामे आहेत तुमचे." तिनं आपला बल्ब पुढे केला. काच तिच्या मुठीनं कोमट झाली होती... "परत द्यायचा हं."

"नाही दिला तर?"

"तर सगळा मजला तुमच्या दारात येईल. सगळ्यांत आधी माझी आई."

संध्याकाळी बल्ब परत आला, लख्ख पुसून. दुसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा मागितला. तिसऱ्याही. दोन महिने झाले तरी त्याला बल्बचं दुकान काही सापडेना.

वर्डेल दिवसा लाँड्रीत इस्त्री करी आणि संध्याकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम. शेजाऱ्यांनीच रचलेलं नाटक – एका खोलीत कोंडलेलं कुटुंब, एका घराचं स्वप्न. मालकाच्या खोल्यांतले उंदीरसुद्धा त्यात होते. ते त्याच्या कानावर गेलं. निरोप आला, नाटक झालं तर वर्डेलच्या घरच्यांनी खोली सोडायची.

"जाऊ दे पोरी," आई म्हणाली. "डोक्यावर छप्पर तरी राहील."

वडिलांनी बुटाची नाडी बांधली. "बावीस वर्षं मी गप्प बसलो. छप्पर तेव्हाही गळतच होतं. मी पहिल्या रांगेत बसणार."

शनिवारी सगळे खाली गेले, तर हॉलमधले बाराही बल्ब मालकाच्या माणसानं काढून नेलेले. वर्डेल वेशभूषा करून तशीच उभी राहिली. लूशस जिन्यानं वर गेला. मजल्यामजल्यावर दारं ठोठावल्याचे आवाज आले. मग माणसं उतरू लागली – प्रत्येकाच्या मुठीत स्वतःचा बल्ब.

त्यानं शिडीवरून अकरा बसवले. बाराव्याला खिशातून एक कोरा काढला.

"सापडलं वाटतं दुकान?" तिनं खालून विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग रोज माझा...?"

"तुझं दार वाजवायला निमित्त नको?" तो तिचा हात धरून खाली उतरला. "यापुढे दोघांत एकच पुरेल... तू म्हणशील तर."

"खोली जाणार आहे आमची. विचार केलास?"

"माझी आहे ना, समोर."

"आधी नाटक," ती म्हणाली, पण त्याचा हात सोडायला तिनं जरा उशीरच केला.

नाटक झालं. पुढच्या शनिवारी पुन्हा झालं. महिन्यानं मालकाच्या माणसांनी वर्डेलच्या घरचं सामान मधल्या पॅसेजमध्ये काढलं. ते चार पावलं सरकून समोरच्या दारातून आत गेलं, कारण आदल्याच दिवशी वर्डेल आणि लूशसचं चर्चमध्ये लग्न लागलं होतं.

लूशस १९८९च्या फेब्रुवारीत वारला. वर्डेल २००४च्या ऑक्टोबरमध्ये.