कठीण प्रसंग सांगा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. केमिकल इंजिनियर आहे मी. म्हणजे नुसती पदवी होती, नोकरी नव्हती, आणि आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या मुलाखतीला अकरा दिवस उरले होते.

कंपनी छाणीच्या पुढची, औषधांची. आमचं घरही छाणीतच, त्यामुळे बसने वीस मिनिटं. माझे बाबा मार्चमध्ये रेल्वेतून रिटायर झाले होते आणि गुडघ्यांची वाट लागलेली असूनही एका गोदामात दिवसभर सुपरवायझर म्हणून उभे राहत होते. मला नोकरी लागली की त्यांनी घरी बसायचं, हे आमचं ठरलेलं. कामावरून आले की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून ते जे सुरू व्हायचे! लोको शेडमधले किस्से, शेजाऱ्यांच्या नकला, मला चिडवणं. "अहो, मध्ये श्वास तरी घ्या," असं आई रोज म्हणायची.

शहरात, रावपुऱ्यात भास्करराव शिर्के म्हणून एक गृहस्थ मुलाखतीची तयारी करून घेतात, असं कळलं. आयुष्यभर कुठल्याशा कारखान्यात भरतीचं काम केलेले. वह्या-पेनांच्या दुकानावर त्यांची बैठकीची खोली. मराठी घरातल्या मुलांना दुपारी चार वाजता समोर बसवायचे आणि प्रश्न विचारायचे. चहा नाही, पाणी नाही.

"आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांग."

मी बारावीचे मार्क सांगितले.

"बारावीत सगळेच घसरतात. दुसरा?"

दुसरा काय, कप्पाळ! एकुलती एक मुलगी, आईबाबा धडधाकट, कधी साधा पायसुद्धा मोडला नाही. समोर ते पेन उघडून बसलेले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा मोठा भाऊ कालव्यात बुडाला. सहा वर्षांपूर्वी. ध्रुव."

भास्कररावांनी चष्मा काढला. "हे सांग."

"सर, पण हे खरं..."

"मी विचारलं का तुला? फक्त तपशील पक्के कर. पॅनल खोदून विचारतं. अडखळलीस की गेलीस."

मग रोज ते खोदायला लागले. वय? एकोणीस. सायकल कुठली? निळी. काय आवडायचं? सेव-उसळ. मी धडाधड उत्तरं द्यायला लागले आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होते. इतकं सुंदर खोटं मला बोलता येतं, हे मलाच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पिशवी घेतली. दर रविवारी आमच्याकडे सेव-उसळ येते. "आई, तर्री जास्त आणू ना?"

कणीक मळता मळता आईचे हात थांबले. "सहा वर्षं या घरात ती येत नाही, यशू. आज काय सुचलं तुला?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं. गेल्या रविवारी तिनेच दोनदा वाढून घेतली होती.

मंगळवारी जिन्याखाली एक निळी सायकल दिसली. टायर बसलेले, तारांमध्ये जळमटं. कुणाची म्हणून विचारलं, तर खालच्या जशोदाबेनने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हवे काढी नाखो, बेटा," त्या म्हणाल्या. म्हणजे, टाकून द्या आता, बघितली की तुझ्या मम्मीचा जीव जळतो.

बुधवारी हॉलमध्ये कॅलेंडरच्या जागी फोटो होता. एकोणीस वर्षांचा मुलगा, हनुवटी माझ्यासारखी, चंदनाचा हार. हारावर धूळ होती.

बाबा बादलीत पाय सोडून बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "बाबा, मला भाऊ नव्हता ना कधी? चेष्टा करताय ना सगळे?"

"हळू बोल. आई ऐकेल." मग ते आपणहून ध्रुवबद्दल बोलायला लागले. पोहायला कसा घाबरायचा, झोपेत दात कसे खायचा, मला 'यशी ढमी' म्हणायचा. तासभर. यातलं एक अक्षर मी भास्कररावांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रावपुऱ्याला जाणं बंद केलं. मनाशी पक्कं ठरवलं की मुलाखतीत फक्त बारावीचे मार्क सांगायचे. जे झालं ते झालं, आता पुढे एक शब्द नाही.

पॅनलवर तिघं होते. तांत्रिक प्रश्न मी चांगले सोडवले. मग मधल्या बाईंनी तो प्रश्न विचारला. मी बारावीचे मार्क सांगितले.

त्यांनी माझा अर्ज उलटला. "पण तुम्ही इथे भावाविषयी लिहिलंय."

अक्षर माझंच होतं. मी ते लिहिलं नव्हतं.

नाही म्हटलं असतं तर खोटारडी ठरून बाहेर पडले असते. गोदामाच्या फरशीवर उभे असलेले बाबा डोळ्यांपुढे आले. मी "हो" म्हटलं.

"घरच्यांना कसं सावरलंत?"

"आई हळूहळू सावरली."

"आणि वडील?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. अडखळलीस की गेलीस.

"वडील नाही सावरले. त्या दिवसापासून ते एक शब्दही बोललेले नाहीत. घरात त्यांच्या वतीने मीच बोलते."

बाईंचे डोळे भरून आले. डावीकडच्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. "एक तारखेपासून या," ते म्हणाले.

गेटपर्यंत मी जवळजवळ नाचत आले. मग पाय थांबले.

बाबांना फोन लावला. हा नंबर वापरात नाही, असं एक बाई गुजरातीत सांगत राहिली.

मी रिक्षा केली. "माझे बाबा बोलतात," मी मोठ्याने म्हणाले. "खूप बोलतात. सारखे बोलतात." रिक्षावाला आरशातून बघत होता. घरापर्यंत मी तेच म्हणत राहिले.

दार उघडंच होतं. बाबा बादलीत पाय सोडून बसले होते. मला बघून हसले.

"बाबा, मिळाली नोकरी!"

त्यांचे ओठ उघडले. आवाज नाही. त्यांनी मांडीवरची वही ओढली आणि लिहिलं, 'शाब्बास.'

"बाबा, बोला ना! सकाळी तर बोलत होतात. मला ढमी म्हणालात. बोला!"

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "असं नको गं करूस," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. "सहा वर्षं झाली. निदान आज तरी नको."

मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले. त्यांना घरी बसवायला गेले आणि हे काय करून बसले मी! ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यांच्यामागे भिंतीला लागून वह्यांची चळत होती. सगळ्यात खालची मी ओढून काढली. पिवळी पडली होती. पहिल्या पानावर सहा वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली बाबांच्या अक्षरात एकच ओळ.

'यशू, त्याचा हात तू सोडलास, हे मी कधीच कुणाला सांगणार नाही.'