दोर कुणाच्या हाती

"शामले, श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत अक्षर बोलायचं नाही. जीव गेला तरी."

आई जाऊन चार वर्षं झाली. पण सोमवार उजाडला की तिचा आवाज कानात येई.

त्या सोमवारी बाबांबरोबर ग्वाल्हेरबाहेरच्या तिघऱ्याच्या तलावावर गेले. काठच्या महादेवाला बेल वाहून पायऱ्या उतरते, तो समोर तो — पाठीवर हवेची टाकी, कपाळावर पाणचष्मा. कान्होजी. आमचं मध्य भारत राज्य मोडून भोपाळ राजधानीच्या नव्या राज्यात विलीन होणार होतं. त्याआधी सरकारी सामानाची यादी पुरी व्हायला हवी, म्हणून बुडालेली दरबारी नाव शोधायला बाबांच्या कचेरीने त्याला मालवणहून बोलावलं होतं.

"पाणी थंड आहे का हो, बाई?"

मी मान हलवली.

"बोलत नाही?"

मी आधी सूर्याकडे बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं.

"अस्सं! सूर्य बुडाल्यावर बोलणार. मग आधी मीच बुडून येतो…"

मला हसू आवरेना. मालवणच्या समुद्रात, प्रवाळाच्या खडकांवर फुटलेली गलबतं धुंडाळणारा माणूस. तलावाला काय भिणार!

कमरेचा दोर त्याने चपराशी उमाजीला दिला. "एक झटका — ठीक. चार — लगेच ओढा."

बुडबुडे दूर गेले. उमाजीने दोर खुंटाला गुंडाळला आणि बाबांकडे वळला. "साहेब, भोपालमध्ये क्वार्टर मिळणार का? बच्चे कहाँ पढ़ेंगे?" बाबाही बदल्यांचं सांगू लागले.

दोर ताणला… एक. दोन. तीन. चार.

मी टाळ्या वाजवल्या. कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा चार — या खेपेला क्षीण.

जीव गेला तरी… माझा गेला तरी, आई. त्याचा नाही!

"ओढा!" मी किंचाळले, आणि धावत जाऊन दोर धरला.

तो वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. नावेच्या साखळीत पाय अडकला होता.

बाबा उमाजीला झापत होते. कान्होजी पायरीवर धापा टाकत म्हणाला, "ओढणारा हात उमाजीचा नव्हता. खालीच कळलं."

"आता पुन्हा उतरू नका," मी म्हणाले.

"उद्या उतरावंच लागेल. नाव अर्धीच पाहिलीय." तो ओला दोर गुंडाळू लागला. "आमच्यात दोर परक्याच्या हाती देत नाहीत, बाई. भाऊ धरतो. नाहीतर… घरची."

"मग आज का दिलात?"

"ग्वाल्हेरात माझं होतं कोण?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले…

"नऊ वाजता येते. मी धरेन. तोवर पाण्यात पाय घालायचा नाही."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. "याचा अर्थ कळतो ना तुला?" त्यांनी विचारलं.

"कळतो. म्हणूनच विचारून नाही, सांगून जातेय."

ते उठून आपल्या खोलीत गेले.

मंगळवारी पूजा आटोपून मोडल्या मौनाची क्षमा मागितली. दोराने सोललेल्या तळहातांना हळद लावून पट्ट्या बांधल्या. बाबांचं दार बंद होतं. उंबऱ्याशी वाकून नमस्कार केला, आणि आमच्या जयेंद्रगंजच्या नाक्यावर तिघऱ्यासाठी टांगा बघायला निघाले.