अकरा चिंचोके

प्रफुल्ल चार दिवसांची रजा टाकून पळसटोल्याला आला तो आईच्या घरात पंखा बसवायला. एप्रिल लागला होता. सिंदेवाहीच्या बाजूला या दिवसांत पत्रा तापला की दुपारी घरात बसवत नाही, आणि नीलाबाईंचा जुना पंखा हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. पंखा अर्ध्या तासात बसला. उरलेल्या दिवसांचा बेत मात्र त्याने भद्रावतीहून निघतानाच आखून ठेवला होता. त्याला वाघबकरीचा व्हिडिओ काढायचा होता.

हे खूळ त्याच्या डोक्यात मोबाइलनेच घातलं. वर्षभरापूर्वी त्याला तो खेळ मोबाइलवर सापडला होता. एक वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी मिळून त्याला हलायला जागाच ठेवली नाही, की वाघ कोंडला. लहानपणी गावच्या शिवेवरच्या दगडावर तो हेच खेळला होता. तिथे पोरांच्या वाट्याला फक्त बकऱ्या, म्हणजे चिंचोके यायचे, वाघ मोठ्यांचा. मोबाइलवर त्याने ती हौस फेडून घेतली. रोज वाघ घ्यायचा आणि मशीनच्या बकऱ्या फस्त करायच्या. तरी चिंचोके हाताने सरकवण्याची मजा काचेवर बोट फिरवण्यात नाही, हे तो जेवताना इतक्या वेळा बोलून दाखवी, की त्याची बायको रंजीता एकदा म्हणाली, "मंग जा ना, त्या दगडालेच मिठी मारून या."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता नीलाबाई टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला निघाल्या. गावातल्या बाकीच्या बाया अंगणाबाहेर थांबल्याच होत्या. इंदिराबाईने मोबाइलवर गावचा ग्रुप उघडून वाचलं, वाघ काल संध्याकाळी तलावापलीकडे दिसला होता. म्हणजे अलीकडचं रान मोकळं. बाया बोलत बोलत निघाल्या आणि प्रफुल्ल त्यांच्या मागोमाग शिवेपर्यंत गेला.

दगड तिथेच होता, खाटेएवढा, त्यावर कोरलेल्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याच्या एका अंगाला म्हातारा डोमा बसला होता. तरुणपणी तलावात जाळं टाकणारा हा माणूस, आता एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. समोरून एकेक बाई रानात शिरत होती आणि डोमा ओठ हलवत एकेक चिंचोका रेघांवर मांडत होता.

"डोमाभाऊ, हे तं अकराच झाले," प्रफुल्ल हसून म्हणाला. "पंधरा लागते ना?"

"आज अकरा गेल्या," डोमा म्हणाला.

म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं, असं प्रफुल्लला वाटलं.

"वाघ घेतं का तू?" डोमाने विचारलं. त्याच्या आवाजात एकदम आशा आली. "दोन वर्सं झाली, कोनी बसत नाई. मी एकटाच दोन्हीकडून खेळून राह्यलो. पन एकट्यानं होत नाई, बाबू."

वाघ म्हणजे तळहातावर मावणारा काळा, थंडगार दगड. तो हातात घेताना प्रफुल्लला बापाची आठवण झाली आणि जुनी लाजही. त्याचा बाप पोचू बावीस वर्षं, मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत रोज सकाळी, याच जागी हाच काळा दगड घेऊन बसायचा आणि रोज हरायचा. एक दिवस चुकून जिंकला असेल तेवढाच. पोरं प्रफुल्लला चिडवायची, तुह्या बापाचा वाघ शेळपट आहे. पुढे पोचूला खाणीत नोकरी चालून आली, तर सकाळी दगडावर कोण बसेल, असं म्हणून त्याने तीही सोडली. त्यापायी घरात महिनाभर चूल धड पेटली नाही. प्रफुल्लने बापाला याबद्दल मेल्यावरही माफ केलं नव्हतं.

त्याने मोबाइल एका ढेकळाला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि खेळायला बसला. आज या दगडावर पोचूचा पोरगा कसा खेळतो ते दिसू दे, हे त्याच्या मनात होतंच.

ऊन अजून वर आलं नव्हतं. रानातून मोहाचा गोड, आंबूस वास येत होता, थोडा वेळ बरा वाटणारा आणि मग डोक्यात चढणारा. डोमा फार विचार करून चिंचोका सरकवायचा. प्रफुल्लचा वाघ झपझप फिरत होता, मशीनपुढे फिरायचा तसाच. दहाव्या-बाराव्या चालीला डोमाच्या अधू डोळ्याने दगा दिला. एक चिंचोका उघड्यावर राहिला, त्याच्या मागचं घर रिकामं. प्रफुल्लने काळा दगड उचलला.

"थांब... ते खाऊ नको."

"भाऊ, खेळात तं खाच लागते," प्रफुल्ल म्हणाला आणि उडी मारून त्याने चिंचोका उचललासुद्धा.

रानात एक वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळं रान एकदम गप्प झालं, पाखरंसुद्धा. डोमा दगडाकडे बघत राहिला.

"तुले कोनी सांगतलं नाई?" त्याने हळूच विचारलं.

"काय?"

"वाघानं जिंकाचं नसते. जेवढे मानसं आत गेले तेवढे चिंचोके मांडाचे. वाघवाल्यानं हळूहळू हरत जाचं, कोंडून घ्याचं. मंग समदे घरी येते." त्याने काळ्या दगडावर बोट ठेवलं. "तुहा बाप एकदा जिंकला होता. मीच चाल चुकलो, त्याच्या हाती उडी मारल्याबिगर दुसरी चाल नाई ठेवली. त्या दिवशी माही बायको, शकुबाई, आली नाई."

प्रफुल्ल हसणार होता. तेवढ्यात रानातून बायांचा आरडाओरडा ऐकू आला, लांबून, एकात एक मिसळलेला. त्यात आईचा आवाज कोणता, हे काही केल्या कळेना. हातातला चिंचोका घामाने ओला झाला होता.

"हा कोनाचा होता?" त्याने विचारलं.

"ते मले बी ठाऊक नाई."

तो उठून धावणार, तोच डोमाने त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या पकडीत जाळं ओढणाऱ्याचा जोर अजून होता. "उठू नको. तू उठला तं वाघ मोकळाच राह्यते. अजून दहा जनी आहे. तुही माय आहे त्यात... खेळ."

मग प्रफुल्ल आयुष्यात पहिल्यांदा हरायला बसला, आणि हे काम किती अवघड आहे ते त्याला कळलं. वाघ जिकडे वळवावा तिकडे एखादी बकरी उघडी पडायची. डोमाला पलीकडची रेघ दिसत नव्हती. "भाऊ, ते नको, डाव्या हाताची सरकवा... अजून एक घर... आता मांगची बुजवा." तोच डोमाला चाली सांगत होता आणि आपल्याच वाघाभोवती कुंपण घालून घेत होता. एकदा तर वाघाला दोनच वाटा उरल्या, एक उडीची आणि एक कोपऱ्यातली, आणि कोपऱ्यातली वाट त्याच्या नजरेतून जवळजवळ सुटलीच होती. बाप हे बावीस वर्षं करत होता. लोक हसत होते, पोटचा पोरगा तोंड लपवत होता, आणि तो रोज सकाळी डोकं लावून, नेमका, न चुकता हरत होता. प्रफुल्लला रडू फुटलं. डोळे पुसायलाही त्याने दगडावरचा हात काढला नाही.

शेवटी वाघ कोपऱ्यात कोंडला. डोमाने काळा दगड पालथा घातला आणि डोळे मिटले.

थोड्याच वेळात बाया रानातून धावत बाहेर आल्या, कोणाच्या डोक्यावर टोपली नाही, कोणाच्या पायात चप्पल नाही. प्रफुल्लने मोजल्या. सातवी आई होती. दहाव्यानंतर कोणी आलं नाही. इंदिराबाई मागे राहिली होती.

दुपारी वनखात्याची गाडी आली, पंचनामा झाला. दोन दिवस गाव रानात गेलं नाही. प्रफुल्लने व्हिडिओ पुसून टाकला. तिसऱ्या दिवशी निघताना तो आईला म्हणाला, "माय, यंदा मोह राहू दे."

"मोह नाई वेचला तं वर्सभर काय करू?" नीलाबाई म्हणाल्या. "उद्या समद्याच जाऊन राह्यल्या."

डोमा त्याला बस थांब्यावर भेटला. येऊन नुसता उभा राहिला.

"भाऊ, मले नोकरी आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"तुह्या बापालेबी लागली होती." डोमाच्या बोलण्यात राग नव्हता. "तू आता बसला आहेस, बाबू. इथी नाई तं जिथी असशीन तिथी बसाच लागन."

बस आली आणि प्रफुल्ल चढला. दुसरं काय करणार होता? महिन्याच्या पगारावर चार माणसं होती, आणि घडलं ते योगायोगाने घडलं असं स्वतःला समजावायला भद्रावतीपर्यंतचा रस्ता पुरेसा लांब आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून आला तर रंजीता भात शिजेपर्यंत त्याचा मोबाइल घेऊन ओट्यापाशी उभी होती.

"तुमचा खेळ सोपा आहे हो," ती म्हणाली. "मले तं यानं दहाच बकऱ्या देल्या."

त्याने मोबाइल हिसकावलाच. पडद्यावर दहा बकऱ्या होत्या, आणि हा खेळ पंधरांशिवाय सुरूच होत नाही. त्याने हरायचा प्रयत्न केला. पण मशीनला डोमासारखी चाल सांगता येत नव्हती. ते आपल्या मनाने बकऱ्या सरकवत गेलं, आणि नऊ-दहा चालींनी वाघाला एकच चाल उरली. ती उडीची होती. आईला फोन लावला, तर तो लागेना. रानात कव्हरेज नसतं. प्रफुल्लने ती चाल न करताच मोबाइल खिडकीत ठेवला, चार्जिंगला लावला आणि रंजीताला बजावलं, याला कोणी बोट लावायचं नाही.

दुपारी आईचा फोन आला. दहा जणी गेल्या होत्या, दहाही परत आल्या.

त्यानंतर त्याने कामासाठी दुसरा मोबाइल घेतला. जुना खिडकीत तसाच राहिला, पडदा उजळलेला, वाघ आपल्या जागी थांबलेला. रोज दुपारी आई फोन करून घरी आल्याचं सांगायची आणि प्रफुल्ल त्यानंतरच जेवायचा. ही माझीच नोकरी आहे, असं तो मनात म्हणायचा. बापाची होती तशीच, फक्त बसायला दगड नाही. मोहाचा हंगाम संपायला पंधरवडा उरला होता. तेवढा निभावला की झालं.

अकराव्या सकाळी तो उठला तेव्हा खोलीत मोहाचा वास होता, गोड आणि आंबूस. भद्रावतीच्या कॉलनीत मोहाचं झाड नाही. तो खिडकीकडे गेला. चार्जर जागच्या जागी होता. मोबाइलच्या काचेवर धूळ बसली होती, त्यात बोटाचा ठसा नव्हता. वाघ मात्र दोन घरं पलीकडे उभा होता आणि बकऱ्या नऊ उरल्या होत्या.

त्याने दुसऱ्या मोबाइलवरून आईचा नंबर लावला. या वेळेला तो कधीच लागत नसे. आज पहिल्याच घंटेला कोणीतरी उचलला.

"माय?" प्रफुल्ल म्हणाला. "माय... बोल ना."

 पलीकडून दगडावर चिंचोका सरकवल्याचा आवाज आला. मग शांत झालं, समोरच्याने चाल करावी म्हणून कोणी थांबतं तसं.