न्गांगाओचा उंदीर

न्गांगाओच्या जंगलातले उंदीर पकडायचे, मोजायचे आणि सोडायचे हे माझं काम. भुताखेतांच्या भानगडीत मी पडत नाही.

आमच्या म्वांदाविरो आजोबांनी मात्र चाळीस वर्षं एकच हेका धरला होता. इथला मऊ केसांचा उंदीर समोरच्या म्बोलोलो डोंगरावरच्या उंदराहून वेगळा, मागचा पाय मिलिमीटरभर लांब, तेवीसऐवजी चोवीस! वेगळी प्रजाती ठरली की तिला वारलेल्या बायकोचं, वाकेशोचं, नाव द्यायचं होतं.

"उंदराला आजीचं नाव? भांडायला येईल हं ती," मी म्हणायची.

"येऊ दे की. तेवढीच भेट होईल."

अखेर राजधानीतल्या संग्रहालयाने कळवलं: मापं पुरे झाली, आता शुक्रवारपर्यंत एक नमुना पाठवा. म्हणजे उंदीर मारून, कातडं सोलून, कापूस भरून शिवायचा.

सोमवारी पिंजऱ्यातला उंदीर मला चावला नाही. तळहातावर बसला आणि मागचा पाय स्वतःच लांब केला. मंगळवारी तिघांनी तसंच केलं. बुधवारी अकरा पिंजऱ्यांत अकरा उंदीर होते, आणि आमिष म्हणून ठेवलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. मी गुमान मापं लिहिली.

गुरुवारी सकाळी आजोबांनी नमुन्यासाठी मारायला एक हातात घेतला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मूठ उघडली.

"आजोबा! चाळीस वर्षं पाण्यात घालताय!"

"बघत होता गं माझ्याकडे. तूही मारायचा नाहीस, सांगून ठेवतो."

मला रडूच आलं. आमच्या कामाच्या खोपीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि त्यांना वुंदान्यीच्या बाजारात घेऊन गेले. दुपारी परतलो. कुलूप जसंच्या तसं होतं.

टेबलावर शिवलेला उंदीर पडला होता.

मी गळ्याकडून शिवत जाते. हा शेपटीकडून शिवला होता, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. आजोबांच्या हातात चहाचा कपसुद्धा ठरत नाही.

"कुणी केलं हे?"

त्यांनी शिवणीवरून हळूच बोट फिरवलं. "उलटं शिवते म्हणून संग्रहालयवाले किती ओरडायचे तिला! ऐकलं कधी?" ते हसले. "माझ्याच्याने मारवत नाही, ठाऊक आहे तिला. ते काम कायम तिच्याकडेच."

मी पाय मोजला. चोवीस मिलिमीटर, बरोबर.

शेजारी सुई होती. दोरा ओवलेलाच होता.

दोऱ्याचं टोक मी चिमटीत धरलं. ओठांत धरून भिजवलेलं, अजून ओलं होतं.