उलट उतरणाऱ्या रेघा

वर्गाचा पहिला दिवस निम्मा ईझल लावण्यात जातो आणि निम्मा पेन्सिलींना टोक करण्यात. हे सगळ्या देशांत सारखंच असावं. परक्या देशातल्या त्या चित्रकला महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर थोरली पोचली, तेव्हा आधी तिला वास आला. टर्पेंटाइनचा, ओल्या लोकरी कोटांचा आणि कोळशाच्या भुकटीचा. उत्तरेकडे छतापर्यंत खिडक्या होत्या. मधोमध हातभर उंचीचा लाकडी चौथरा, त्यावर मॉडेल म्हणून बसणाऱ्यासाठी एक खुर्ची, आणि भोवती गोलाकार मांडलेली ईझल, कागद लावलेले बोर्ड टेकवायच्या त्या तिकाटण्या. त्या काळी आपल्याकडची मुलगी शिकायला एवढ्या लांब जाणं म्हणजे अप्रूपच होतं. निघताना अर्धी गल्ली निरोप द्यायला आली होती आणि वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हे सगळं तिच्या पाठीवर होतं, दप्तरासारखं.

पण पाठीवर आणखीही एक ओझं होतं.

प्रवेशासाठी बारा चित्रं पाठवायची होती. थोरलीची स्वतःची, दाखवण्याजोगी, नऊ होती. उरलेली तीन तिने धाकट्या बहिणीच्या गादीखालून काढली. धाकटी तेव्हा सतरा वर्षांची. कधी कुणाला काही दाखवायची नाही, वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर काढत बसायची. त्या तिन्हींत एक आईचा हात होता, शर्टाला बटण लावता लावता डुलकी लागलेल्या आईचा. सुई बोटांत तशीच. घरातलीच तर चित्रं आहेत, थोरलीने मनाला समजावलं. एका ताटात जेवतो आपण. त्यात तुझं काय आणि माझं काय.

ती पुडकं बांधत असताना धाकटी दारात येऊन उभी राहिली. वरचं चित्र तिला दिसलं. ती पुढे आली, सुतळीवर बोट धरलं आणि म्हणाली, "गाठ घट्ट मार ताई, वाटेत सुटेल." बस्स, एवढंच. त्यानंतर तिने घरात पेन्सिल हातात धरली नाही. कुणी विचारलंही नाही, कारण घर थोरलीच्या कौतुकात बुडालं होतं.

तर पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांची प्रवेशाची चित्रं भिंतीवर लावली. बाई उंच, केस आखूड, बोलणं मोजकं. आईच्या हातापाशी त्या थांबल्या. मुलंही जमली. चष्मेवाला म्हणून एक बडबड्या मुलगा होता, तोसुद्धा पुढे वाकून बघू लागला.

"तू डावखुरी आहेस का?" बाईंनी विचारलं.

पेन्सिलीने किंवा कोळशाने छटा भरताना उजव्या हाताच्या माणसाच्या तिरक्या रेघा वर उजवीकडून खाली डावीकडे येतात. डावखुऱ्याच्या बरोबर उलट उतरतात. चित्रकाराची ती सहीच असते. थोरली उजव्या हाताची होती. धाकटी डावखुरी.

"दोन्ही हातांनी काढते," थोरली म्हणाली. खोट्याला एक खांब लावला की दुसरा लावावाच लागतो. त्याच दिवशी चष्मेवाल्याने तिचं नाव 'दोनहाती' ठेवलं आणि ते चिकटलं.

बाईंची शिकवायची एक रीत होती. दर पंधरा मिनिटांनी त्या घंटी वाजवायच्या. घंटी झाली की आपलं चित्र तिथेच सोडून प्रत्येकाने उजवीकडच्या ईझलपाशी जायचं आणि दुसऱ्याचं चित्र पुढे न्यायचं. चित्राबद्दलचं 'माझं, माझं' सुटावं म्हणून हे, असं बाई म्हणायच्या. थोरलीचे कान तापायचे. चोराच्या मनात चांदणं.

वर्गात मुलं अकरा होती आणि ईझल बारा. थोरलीच्या डाव्या हाताचं रिकामं. बाईंनी म्हाताऱ्या शिपायाला एक ईझल कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, "सकाळी सगळे कामाला लागल्यावर दारातून मोजली मी डोकी. बाराच आहेत." बाईंनी पुन्हा मोजली. अकरा. शिपायाने मान हलवली, पण ईझल काही उचललं नाही.

आता गंमत अशी की सगळे एकेक घर उजवीकडे सरकले की ती रिकामी जागाही एक घर सरकायची. थोरली पुढे गेली की तिने सोडलेल्या ईझलपाशी कुणीच नसायचं. म्हणजे अख्ख्या फेऱ्यात तिच्या मागोमाग रिकामी जागाच चालायची. पाठीला गार हवा लागल्यासारखं तिला सारखं वाटायचं, पण खिडक्या मोठ्या होत्या, हवा गारच होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चष्मेवाला मधल्या सुट्टीत म्हणाला, "दोनहाती, आमच्यासाठी पण काहीतरी शिल्लक ठेवत जा. तुझ्यानंतर बोर्डापाशी आलो की मला करायला उरतच नाही काही."

थोरली हसली. पण पुढच्या घंटीनंतर सरकल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तिने आत्ताच सोडलेल्या कागदावर मॉडेलच्या खांद्याची नुसती बाह्यरेषा होती. पुढच्या घंटीला तिने पुन्हा पाहिलं. खांद्याखाली सावली भरलेली होती. दाट, मऊ, न चाचरता उतरलेली. रेघा डावीकडून उजवीकडे खाली.

मधल्या पंधरा मिनिटांत तिथे कुणी नव्हतं.

बाई त्या खांद्यापाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे छान आहे." थोरलीने मान खाली घातली. "हे मी नाही केलं," एवढे चार शब्द. तोंडापर्यंत आले आणि गिळले गेले. पहिल्यांदा चोरी करताना निदान हात तरी हलवावे लागले होते. आता नुसतं उभं राहिलं तरी चोरी होत होती.

तिने धीर करून घरी लिहिलं, धाकटी कशी आहे. त्या काळी पत्राला बारा दिवस लागायचे. आईचं उत्तर आलं. सगळ्यांची ख्यालीखुशाली, शेजारणीच्या मुलीचं लग्न, आणि शेवटी दोन ओळी. धाकटी दुपारी जेवली की भिंतीला टेकून बसते. डोळे उघडे असतात, पण हाक मारली तर ओ देत नाही. डावा हात मांडीवर हलत राहतो. वैद्य म्हणाले अशक्तपणा आहे. तू काळजी करू नकोस, अभ्यासात लक्ष दे.

थोरलीने घड्याळाचा हिशेब केला. घरी दुपार असायची तेव्हा इथे वर्ग भरलेला असायचा.

तिने दोन दिवस जेवण टाकलं. बाईंना सांगायचं ठरवलं, आणि प्रत्येक वेळी वडिलांचा इस्त्रीचा शर्ट आडवा आला. जागा गेली तर कुठल्या तोंडाने परतायचं? गल्लीला काय सांगायचं?

मग एका सोमवारी मॉडेल आजारी पडली. अशा वेळी वर्गातल्याच एकाने बसायचं, अशी पद्धत होती. पाळी थोरलीची आली.

ती कोट घालूनच चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर गुंतवून. खुर्चीवर पांढरी चादर टाकलेली. बाई म्हणाल्या, तासभर, हलायचं नाही, आज घंटी नाही.

कागदांवर कोळसा खरखरू लागला. आज सगळी ईझल तिच्या समोर अर्धगोलात ओढली होती. समोर बोर्डांची रांग. माणसं बोर्डांच्या मागे. दिसत होते ते फक्त खाली, ईझलच्या पायांमधून, बूट. तपकिरी बूट चष्मेवाल्याचे. त्यांच्या पलीकडे फाटक्या तळव्याचे. वेळ जाईना म्हणून तिने मोजायला सुरुवात केली. मुलं दहा. जोड दहा.

आणि अनवाणी पाय दोन.

तिच्याच ईझलच्या डावीकडे. बोर्डाच्या खाली, गार फरशीवर. एका पायावर भार, दुसऱ्याची टाच किंचित उचललेली. असं कोण उभं राहतं ते तिला माहीत होतं. एका घरात वाढलेल्या दोघींना चेहरा पाहावा लागत नाही.

त्या बोर्डामागे कोळसा चालू होता. बाकीच्यांपेक्षा हळू.

तिने ओरडायला हवं होतं. पण तिला भीती वाटली नाही, वाटली ती लाज. वर पाहिलं आणि बोर्डाच्या कडेवरून ते डोळे दिसले तर?

तिने मान खाली घातली, ओठांतल्या ओठांत 'मला माफ कर' पुटपुटली आणि तासभर मान वर केली नाही.

तास भरला. ती उठली, गोलाला वळसा घालून त्या ईझलपाशी गेली. कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

कागदावर चौथरा होता. खुर्ची होती. चादर होती, आणि माणूस बसल्यावर पडतात तशा तिच्या सुरकुत्याही होत्या.

खुर्चीत कुणी नव्हतं.

वर्ग रिकामा झाल्यावर तिने बाईंना सांगितलं. तीन चित्रं, गादी, पुडकं, सुतळीची गाठ, सगळं. बोलताना बाईंच्या बुटांकडे बघत होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डावखुऱ्याच्या रेघा मी प्रवेशाच्या वेळीच ओळखल्या होत्या. पहिल्या दिवशी मुद्दाम विचारलं. वाटलं, आठवड्यात येऊन सांगशील." मग म्हणाल्या, "प्रवेश तुला तुझ्या नऊ चित्रांवर मिळाला होता. ती तीन आम्ही धरलीच नव्हती, हात वेगळा दिसला म्हणून."

तोंडात मारली असती तरी बरं, असं थोरलीला झालं. चोरी केली ती केली, आणि तिचा उपयोगही झाला नव्हता. एका मुलीची पेन्सिल सुटली ती फुकट.

"बहिणीला लिही," बाई म्हणाल्या. "आणि ती तिन्ही भिंतीवरून काढ."

पत्र लिहायला तिला दोन दिवस लागले. पाच वेळा फाडलं. शेवटी दोन ओळींचंच झालं: तुझी चित्रं मी माझी म्हणून दाखवली. मला माफ कर. बुधवारी संध्याकाळी तिने ते पेटीत टाकलं आणि दिवस मोजू लागली. बारा दिवस जायला, बारा यायला.

पण तेराव्याच दिवशी धाकटीचं पाकीट आलं. थोरलीने शिक्का उजेडात धरून पाहिला. ती खुर्चीत बसली होती त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशीचा होता. तिचं पत्र तेव्हा लिहूनही झालं नव्हतं.

आत घडी घातलेला एक जाड कागद होता आणि एक चिठ्ठी. कागदावर घरची मधली खोली, खिडकीपाशी रोजची लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत थोरली. अंगावर परदेशात घेतलेला जाड कोट, जो घरी कुणीच पाहिला नव्हता. केसांचा भांग, कोटाचं दुसरं बटण तुटलेलं, मांडीवर एकमेकांत गुंतवलेले हात, सगळं जिथल्या तिथे. मान मात्र इतकी खाली गेलेली की चेहऱ्याच्या जागी नुसते केस होते. सावलीच्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरलेल्या.

चिठ्ठीत धाकटीचं तिरकं अक्षर होतं.

"ताई, माफी कशाला मागत होतीस? आणि मागितलीस ती जमिनीकडे बघून, हळू आवाजात, आईला ऐकूसुद्धा गेली नाही. काल दुपारी तासभर बसलीस, तेवढ्यात जमलं तसं काढलं आहे. कितीतरी दिवसांनी काढलं. चेहरा राहिला. पुढच्या खेपेला येशील तेव्हा मान वर कर."