येसाजीची अट

माणसं दारात येऊन पाणी मागतात, विस्तव मागतात, वाट विचारतात. हिरामणनं दगड मागितले.

"चांगले चौकोनी आसतील का... चाकांना लावायला?" कुंपणापाशी टोपी हातात धरून तो म्हणाला. मैना शेणी थापत होती. तिनं हात न धुताच दगड दाखवले आणि मग दिवसभर त्या हातांची लाज वाटत राहिली.

झालं होतं ते एवढंच. पुण्याला निघालेल्या शेटजींची वीस वर्षांची मोटार घाट चढायच्या आधी, खालापुरातच, तेल ओकून बसली. शेटजी दुसऱ्या गाडीनं पुढे गेले. मुंबईहून खोपोली स्टेशनावर तेलाची नवी नळी येईपर्यंत ड्रायव्हर हिरामणनं मोटारीपाशी राहावं, असं ठरलं. मळणी उरकली होती, म्हणून मोटार मैनाच्या बापाच्या, येसाजीच्या, टणक खळ्यावर लोटून ठेवली. तोवर हिरामणनं खालचं बाकीचं काम काढलं – वंगण, स्प्रिंगा, चिखलाचे थर.

मोटारीखाली शिरायचं म्हणजे हिरामणला लग्नाइतकी तयारी लागे. आधी हँडब्रेक. मग मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग जॅक रुतू नये म्हणून त्याच्याखाली फळी. मोटार उचलली की पुढच्या आसाखाली दोन्ही बाजूंना ऐनाच्या लाकडाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचायचे आणि जॅक हळूच उतरवून भार त्यांच्यावर टाकायचा. एवढं झाल्यावर मोटार दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. मगच स्वारी आत.

"झोपलीय का मोटार? हलवून उठवताय?" मैनानं ताकाचा तांब्या पुढे केला.

"पडायची आसंल तर मी भाईर हाय तवर पडू दे."

"येवढं भ्या वाटतं?"

"हो."

गावातल्या कुठल्याही गड्याला हा प्रश्न विचारला असता तर त्यानं आधी मिशीला हात लावला असता. 'हो' म्हणणारा पुरुष मैनानं पहिल्यांदाच पाहिला.

"कशाकशाचं?"

"घाटाचं. शेटजीचं. आन् परवापासनं..." तो अडखळला.

"परवापासनं काय?"

"...ताक चांगलं हाय."

मग ताक रोज जाऊ लागलं. आंब्याच्या मोहोराचा वास आणि वंगणाचा वास त्या खळ्यावर एकत्र नांदू लागले. प्रेमकथेतल्या नायिकेला नायकाचे डोळे दिसतात. मैनाला मोटारीखालून बाहेर आलेले दोन तळपाय दिसत, आणि तिला तेवढ्यावर भागवावं लागे. पण बोलणं मात्र व्हायचं. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायला धीर लागत नाही.

नळी आली त्या सकाळी हिरामणनं केस विंचरले आणि येसाजीला विचारलं.

येसाजी मोठ्यानं हसला. तरुणपणी भरल्या बैलगाडीखाली नुसता खांदा देणारा तो माणूस. "देतो की पोरगी! पन आमच्या घरात भागूबाई चालत नाय. त्ये ठोकळे ठेव बाजूला. नुसत्या जॅकवर मोटार उचल, खाली जा आन् नळी बसवून ये. समदा गाव बघंल."

गाव तर आलंच होतं. शेजारचा नागू मोटारीला कोपर टेकून उभाही होता.

हिरामणनं जॅककडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. दाराआड मैना होती.

"नाय जानार."

"मग पोरगी नाय."

"नाय तर... नाय." त्यानं पहिला ठोकळा ओढला. "पन आसा नाय जानार." आणि खाली बसून तो ठोकळे रचू लागला.

मैनाचे डोळे चुरचुरले. प्रियकर जीव ओवाळून टाकतात म्हणे. यानं तर भर खळ्यावर नकार दिला. तिनं मान फिरवली, तर शेजारी सोनाआत्या. येसाजीची थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं पैजेवर पुरातल्या पाताळगंगेत उडी घेतली होती, ती शेवटचीच. त्याच्या धाडसाचं कौतुक गाव अजून करी. आत्या ते कौतुक भावाच्या घरात बसून ऐके. पैज लावली होती येसाजीनंच, आणि ते त्या घरात कुणी कधी बोलत नसे.

"जा गं," आत्या म्हणाली.

मैना खळ्यावर आली तेव्हा मोटार हलवून झाली होती. तळपाय तेवढे बाहेर होते.

"आबा, मला ह्योच पायजे."

"गप! भित्रा हाय त्यो."

"हाय." तिनं पदर घट्ट धरला. "म्हनून तर... रोज सांजच्याला घरी येईल."

तळपाय एकदम थांबले.

येसाजीनं बोलायला तोंड उघडलं. दारात बहीण उभी होती. त्यानं तोंड मिटलं.

अशा वेळी गोष्टीत जॅक घसरावा लागतो. इथं काही म्हणजे काही घसरलं नाही. मोटार ठोकळ्यांवर म्हशीसारखी स्वस्थ बसून होती.

मैना मोटारीपाशी वाकली. "ऐकलंत का?"

"ऐकलं." आतून आवाज आला. "यकडाव नट आवळतो... मग येतो."

"सावकाश या."

नागूनं हसत हसत मोटारीवर अंग टाकलं, तसा येसाजी ताडकन उठला.

"ए नागू! हो मागं! समदे मागं व्हा रं! कुनी टेकू नगा मोटारीला – जावई हाय माजा खाली!"